कोणतं भांडं आधी भरेल? (आणि आमच्या गच्चीवरच्या दोन टाक्या)

मोगरा (घोडबंदर रोड, ठाणे)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्रकोडं आलं. चार दिवस झाले, भांडण मिटत नाही. म्हणून इथे टाकतेय.

चित्र शब्दांत सांगते, वहीवर काढून घ्या. वर एक नळ, थेंब थेंब गळतोय. त्याखाली भांडं १. त्याला दोन नळ्या. उजवीकडची थोडी खालून निघते आणि भांडं २ मध्ये जाते. डावीकडची बोटभर वरून निघते, ती भांडं ३ कडे. ३ च्या बुडाला नळी, तिचं पाणी भांडं ४ मध्ये वरून पडतं. ४ आणि ५ एकाच जमिनीवर शेजारी शेजारी, बुडाशी आडव्या नळीने जोडलेले. शिवाय ४ च्या मध्यावरून आणखी एक नळी निघते, वर जाते, ४ च्या काठाच्याही वरून वळसा घेते आणि भांडं ६ मध्ये उतरते.

प्रश्न एवढाच, की सगळ्यात आधी कोणतं भांडं काठोकाठ भरेल?

ग्रुपवर बहुमत ६ ला आहे, कारण ते सगळ्यात खाली आहे. मी ४ म्हणाले. माझी सहावीतली लेक ५ म्हणते आणि कारण विचारलं की "चित्र नीट बघ ना आई" एवढंच उत्तर देते.

कोपरीचा कावळा
२. खालच्या नळीतून पाणी आधी जाणार, सरळ आहे.

चंद्रकोर
१ भरल्याशिवाय काहीच पुढे जाणार नाही, मग १ च आधी भरणार ना?

गच्चीवाला (कळवा)
@चंद्रकोर, १ भरायला पाणी त्याच्या काठापर्यंत चढायला हवं. नळ्या काठाच्या खालून निघतात, तर पाणी तिथूनच निघून जाईल. चाळीत मोरीच्या हौदाला वर भोक असायचं, हौद कधी काठाला टेकायचाच नाही, तसंच.

@कावळा, ही चित्रं काढणारे लोक एखाद्या नळीत बारीक आडवी रेघ मारून ठेवतात. मोगराताई, २ कडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी रेघ आहे का बघा.

मोगरा
आहे!! फोनवर मोठं करून पाहिलं. २ च्या तोंडाशी केसाएवढी रेघ. चार दिवस आम्ही बावन्न जण भांडतोय आणि ही कुणाला दिसली नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, "मला पहिल्याच दिवशी दिसली."

कोपरीचा कावळा
मग २ बाद. नळी भरेल, पाणी अडेल, १ मध्ये पातळी चढेल आणि डाव्या नळीतून ३ कडे. मत मागे घेतो.

शीळफाटा
३ मध्ये पाणी साचेल की. बुडाची नळी बारीक दिसत असेल तर ते आधी भरेल.

पाणसळ (निवृत्त, ठाणे पूर्व)
शीळफाटा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावरून पुढे जायला नको.

आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भांड्याच्या बुडातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं, ते त्यावर किती उंच पाणी उभं आहे त्यावर ठरतं. सतराव्या शतकात इटलीत तोरिचेल्लीने हे मांडलं. वेगाचा वर्ग म्हणजे दुप्पट गुरुत्वत्वरण गुणिले उंची. २० सेंटीमीटर पाणी असेल तर वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर. म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकातूनही चांगलंच पाणी जातं. थेंब थेंब गळणाऱ्या नळाला ३ भरणं जमणारच नाही. आलेला थेंब खाली जाणार. ३ भरायचं असेल तर येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त हवं, तसा नळ पूर्ण सोडायला हवा. म्हणून अशा कोड्यात पहिली नजर नळाकडे टाकावी, थेंब आहे की धार. चित्रकाराने थेंब काढलेत, तर ३ बाद.

शीळफाटा
पटलं. धन्यवाद काका.

बेलापूरकर
६ वाल्यांसाठी लिहितो. ६ कडची नळी ४ च्या काठाच्या वर जाते असं ताईंनी लिहिलंय. त्या उभ्या नळीत पाणी ४ मधल्या पातळीइतकंच चढेल. काठाच्या वर जायचं तर आधी ४ मधलं पाणी काठाच्या वर जायला हवं, आणि ते तर बाहेर सांडेल. ६ जन्मभर कोरडं राहील. किती खाली ठेवलंय याने काही होत नाही.

आजीची पेटी (डोंबिवली)
पण सायफन? आमच्याकडे आजीच्या पेटीत एक पितळी पेला होता, वासुदेवाचा पेला म्हणायचो. मध्ये वसुदेव उभा, हातात बाळकृष्ण. पेल्यात पाणी घालत जायचं, पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की सगळं पाणी खालच्या भोकातून वाहून जायचं. आजी सांगायची, यमुनेने पाय शिवले आणि ओसरली. आम्ही पोरं तासन्‌तास तेच खेळायचो, अंगणातला मातीचा ओटा पार चिखल व्हायचा. त्या पेल्यातही नळी वर जाऊन खाली येतेच ना?

बेलापूरकर
किती सुंदर आठवण! हो, वसुदेवाच्या आत वाकडी नळीच असते. फरक एवढाच, की पेल्यातल्या नळीचं वळण काठाच्या *खाली*, कृष्णाच्या पायाच्या उंचीला असतं. पाणी त्या वळणापर्यंत चढतं, पलीकडे ओघळतं, नळी भरते आणि मग सायफन सगळं पाणी ओढून नेतो. आपल्या चित्रात वळण काठाच्या वर आहे, म्हणून सायफन सुरूच होणार नाही. ते काठाच्या बोटभर खाली असतं तर उत्तर बदललं असतं, ४ भरताभरता मध्यापर्यंत, म्हणजे नळीच्या तोंडापर्यंत, रिकामं झालं असतं.

आजीची पेटी
म्हणजे चित्रकाराने कृष्णाचे पाय पेल्याबाहेर काढले. कळलं, आणि आता पेटी शोधायला माळ्यावर चढते.

मुलुंडची सून
अवांतर: लग्नातलं घटिकापात्र आठवलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, २४ मिनिटांत भरून बुडायची, म्हणजे एक घटिका. माझ्या लग्नात गुरुजींनी खरंच ठेवलं होतं. सगळ्या नवरीकडे बघत होत्या आणि मी वाटीकडे.

कोपरीचा कावळा
तर उरले ४ आणि ५. बुडाशी जोडलेले, म्हणजे पातळी सारखी चढणार. दोन्ही एकदम भरतील?

पाणसळ
पातळी सारखी चढेल, मात्र भरण्याची वेळ सारखीच असेल असं नाही. ज्याचा काठ खाली, ते आधी भरेल. भांडं जाड आहे की बारीक, तिरकं आहे की सरळ, त्यात पाणी किती मावतं, याचा संबंध नाही. ब्लेझ पास्कल आणि त्याच्याही आधी सायमन स्टेविन यांनी हेच दाखवलं, की तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी किती आहे यावर नाही. आमचे गवंडी याच गोष्टीवर घरं बांधत आले. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक एका भिंतीला, दुसरं पलीकडच्या खोलीत, पाणी जिथे थांबतं तिथे खूण. दोन्ही खुणा एका पातळीत.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर तिथेही हेच आहे. डोंगराकडून खापरी नळांतून आलेलं पाणी दर्ग्याच्या आवारातल्या भिंतीवर चढतं आणि हौदात पडतं. ना पंप ना मोटार. उगमाची पातळी वर आहे एवढंच.

मोगराताई, ४ आणि ५ पैकी कोणाचा काठ खाली आहे ते पट्टीने मोजून सांगा.

मोगरा
फोनवर पट्टी लावली. ५ चा काठ ४ पेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर खाली आहे! म्हणजे ५. लेक बरोबर. ती म्हणते पट्टी लावायची गरजच नव्हती, दिसतंच.

चंद्रकोर
अभिनंदन लेकीचं! धागा संपला की काय?

खाडीपूल (वाशी)
संपवू नका, मला हे फार जवळचं आहे. नवी मुंबईत आम्ही असल्याच चित्रात राहतो. शहराचा काही भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव खणून ठेवले. नाल्याचं पाणी तलावात येतं आणि तिथून खाडीत जातं. तोंडाशी झडप असते. ओहोटीला पाणी बाहेर ढकलतं तेव्हा ती उघडते, भरतीला खाडीचं पाणी वर आलं की दाबाने बंद होते. म्हणजे तुमच्या नळीतली ती केसाएवढी रेघ आमच्याकडे दिवसातून दोनदा आपोआप पडते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की तेवढा वेळ सगळं पाणी तलावातच राहायला हवं, आणि तलाव गाळाने भरला असेल तर त्याची जागा कमी झालेली असते. त्या दिवशी भांडं कुठलं आधी भरतं, ते आम्हाला तळमजल्यावर कळतं.

बेलापूरकर
खरंय. २००५ च्या जुलैत बेलापुरात गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो होतो. पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय अजूनही बाहेर पडत नाही.

खाडीपूल
आणि मोरबे. दर पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर रोज पातळी येते, ८८ मीटरला धरण भरतं. लोक "किती टीएमसी" विचारत नाहीत, "८८ ला किती कमी" विचारतात. तेही काठच बघतात.

कोपरीचा कावळा
ठाणे तलावांचं शहर म्हणतात, पण तलाव एकमेकांना जोडले असते तर मासुंदा की उपवन, कुठला आधी भरला असता? :)

गच्चीवाला
जोडले असते तर ज्याचा काठ खाली, तो. मासुंद्याच्या कडेने संध्याकाळी भेळ खाणाऱ्यांना आधी कळलं असतं!

विज्ञानवाटा (शिक्षिका)
मोगराताई, लेकीला एक शाबासकी माझ्याकडूनही. वर्गात मी तिरकी धरलेली बाटली काढते आणि पाण्याची पातळी काढा म्हणते. पुष्कळ मुलं बाटलीच्या बुडाला समांतर, म्हणजे तिरकी रेघ काढतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हाच प्रयोग मुलांवर केला होता. मोठी माणसंही चुकतात, पालकसभेत मी करून बघितलंय. पाणी रोज हाताळतो, म्हणून ते पाहिलेलं असतंच असं नाही.

पण एक विचारायचंय. चित्रात ५ वर काय आहे? वरची रेघ काठाची आहे की झाकण?

मोगरा
...झाकण आहे. गोल मूठ पण काढली आहे.

विज्ञानवाटा
घट्ट आहे का? भोक दिसतंय?

मोगरा
भोक नाही. काठाला चिकटलेलं आहे.

विज्ञानवाटा
मग पुन्हा विचार करा. आतली हवा कुठे जाणार?

पाणसळ
हे माझ्या नजरेतून सुटलं, बाई बरोबर आहेत. ५ हवाबंद असेल तर बुडाच्या नळीचं तोंड पाण्याखाली गेल्यावर आतली हवा अडकली. पाणी वर चढायचं तर तिला दाबावं लागेल. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १० मीटर पाण्याची उंची. ४ मध्ये २० सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तरी दाब फक्त २ टक्क्यांनी वाढला, म्हणजे हवा २ टक्क्यांनी आकसली. ५ जवळजवळ रिकामंच राहील आणि ४ सांडेल.

चंद्रकोर
अरे देवा. म्हणजे मोगराताईंचं पहिलं उत्तर बरोबर?

मोगरा
हो, पण मी ४ म्हणाले ते सगळं पाणी तिथे पडतं म्हणून. बरोबर उत्तर, चुकीचं कारण. ते मला मान्य नाही.

शीळफाटा
ग्रुपवर ज्याने कोडं टाकलं त्याचं उत्तर काय आहे?

मोगरा
५. त्याच्याकडे उत्तराचं चित्र आहे, त्यातही ५. झाकणाबद्दल विचारलं तर म्हणे ती नुसती सजावट आहे. लेक चिडली. तिने दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या, बुडाजवळ भोकं पाडून फिशटँकची नळी बसवली, मेणबत्तीच्या मेणाने सांधे बंद केले. एकीचं तोंड कापून रुंद केलं, दुसरीचं झाकण घट्ट. मोरीत प्रयोग. पाणी ओतलं, पहिली भरली, सांडली, दुसरीत बोटभर पाणी, बस. मग झाकणाला सुई तापवून भोक पाडलं, तर सूं असा आवाज येऊन दुसरीत पाणी चढायला लागलं. घरातले सगळे मोरीच्या दारात उभे. सासूबाईंनी दूध गॅसवर आहे हे विसरून बघितलं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. आता ३१ जण ४ म्हणतात.

विज्ञानवाटा
वा! तो सूं आवाज मी वर्गात ऐकवणार. लेकीला सांगा, भोक किती छोटं असलं तरी पुरतं, हे तिने शोधलंय.

गच्चीवाला
शीर्षकात गच्चीवरच्या टाक्या लिहिल्यात, त्यांचं काय? आमच्याकडेही रोज सकाळी एक टाकी वाहते.

मोगरा
त्यासाठीच खरं तर धागा काढला होता. कोड्यातच गुंतलो.

आमच्या ब विंगच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या, २००० लिटरच्या, सारख्याच. खालून तीन इंची पाइपाने जोडलेल्या. पंपाचं पाणी पहिलीत पडतं, फ्लोट स्विचही (पाणी वर आलं की पंप बंद करणारा) पहिलीतच. रोज सकाळी दुसरी वाहते, पंप चालूच राहतो. वॉचमनदादा धावत वर जाऊन बंद करतात. पहिली मात्र कधीच पूर्ण भरत नाही. फ्लोट दोनदा बदलून झाला. आता कमिटी म्हणते तिसरी टाकी घेऊ. पाणी वाहून तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला ओल आली आहे, त्या घरात तान्हं बाळ आहे.

काल रात्री झोपताना डोक्यात आलं, ४ आणि ५. दुसरीचा काठ खाली असेल का? पण दोन्हींचे विटांचे ओटे सारख्याच उंचीचे आहेत, मी मोजले.

पाणसळ
ओटे सारखे, पण ओट्यांखालची गच्ची? पावसाचं पाणी जायला गच्चीला उतार असतो. ६० ला १ उतार धरला तर ६ मीटरला १० सेंटीमीटर खाली जातं. दुसरी टाकी पन्हळीच्या बाजूला आहे का?

मोगरा
पन्हळीच्या अगदी शेजारी. दोन टाक्यांत साडेसहा मीटर अंतर.

पाणसळ
मग पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत एकही बुडबुडा ठेवू नका, नाहीतर पातळी खोटी दाखवते. एक टोक पहिलीच्या ओव्हरफ्लो पाइपाशी, दुसरं दुसरीच्या. फरक मोजा.

शीळफाटा
पंप जोरात चालतो ना? मग पहिलीत पातळी थोडी वर राहील, जोडपाइपातून पाणी जायला वेळ लागतो. तो हिशेब?

पाणसळ
चांगला प्रश्न. जोडपाइप दीड इंची असता तर फरक मोठा पडला असता. तीन इंची आणि सोसायटीचा नेहमीचा पंप, तर दोन-तीन सेंटीमीटर. १० सेंटीमीटरचा खड्डा त्याने भरत नाही. फ्लोट बिचारा चांगलाच असणार, त्याच्यापर्यंत पाणी पोचतच नाही.

मोगरा
शनिवारी मी, लेक, वॉचमनदादा आणि नळी असे चौघं गच्चीवर. फरक ११ सेंटीमीटर!!

प्लंबरदादांना बोलावून फ्लोटची वायर जिथे बांधलेली होती ती जागा १५ सेंटीमीटर खाली घेतली. खर्च, चहा.

गच्चीवाला
पण त्याने टाकीत पाणी कमी मावणार ना?

पाणसळ
ते पाणी आधीही मावत नव्हतं, वाहून जात होतं. टाकीचा व्यास सव्वा मीटर धरला तर दर १० सेंटीमीटरला साधारण १२० लिटर. पहिलीतली ती वरची जागा हवीच असेल तर उन्हाळ्यात टाक्या रिकाम्या असताना दुसरीचा ओटा ११ सेंटीमीटर उंच करून घ्या. तिसऱ्या टाकीपेक्षा विटा स्वस्त.

मोगरा
आज पाचवा दिवस. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पंप आपला आपण बंद झाला. ओव्हरफ्लोचा पाइप कोरडा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी स्वतः वर येऊन बघून गेल्या. तिसऱ्या टाकीचा ठराव कमिटीने मागे घेतला, ओटा मे महिन्यात. लेकीने दोन्ही टाक्यांवर खडूने पातळीची रेघ मारली आहे आणि खाली आपलं नाव लिहिलंय.

आजीची पेटी
पेला सापडला. काळा पडलाय, चिंच लावून घासला. कृष्णाच्या पायाला पाणी लागलं आणि ओसरलं. साठ वर्षांनी.

गच्चीवाला
आमच्याकडे तीन टाक्या आहेत आणि मधली वाहते. रविवारी मोजतो. नळी कुठली घेऊ?

मोगरा
फिशटँकवाल्याकडची पारदर्शक नळी, लांबी टाक्यांत जितकं अंतर आहे त्यापेक्षा दोन मीटर जास्त घ्या. तोंडाने ओढून भरू नका, बुडबुडे राहतात. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने हळूहळू पाणी सोडा आणि नळी उजेडाकडे धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. आमचा पहिला बुडबुडा वॉचमनदादांना दिसला होता.